बाबांच्या बेंबीएवढं पाणी

औलाद बूसाद, केर्केना बेटं
१४ ऑक्टोबर

नजीब,

पत्ता सालहानं शोधला. मागं कधीतरी ईदला तुझ्या बायकोनं मार्सेयहून खोकं पाठवलं होतं म्हणे, त्यावरचा पत्ता तिनं कापून पिठाच्या डब्यात ठेवला होता. मला आत्ता कळलं. म्हणजे माझी बायको माझ्या पाठीमागं तुमची चॉकलेटं खातेय आणि मी आपला सहा वर्षं ताठ मानेनं गावात फिरतोय. असो.

फोनच करणार होतो. पण तू ठेवून दिला असतास. कागदाचं बरं असतं, तो फेकलास तरी आधी थोडा वाचशील.

इकडे सगळं ठीक. परवा ऑक्टोपस धरायची मडकी समुद्रात टाकली. पहिल्या खेपेला सात आले, एकेक पंजाएवढा. खलीफा कॉफीवाला म्हणतो, "तांडेल, ही पोरं कुठून उचलून आणलीस, यांचे आईबाप कुठायत?" त्याचं तोंड तुला माहीतच आहे. सालहानं सातही दोरीवर वाळत घातलेत. बाबांचा शर्फिया उभारायला घेतलाय, पण पाण्यात मासे कोंडायच्या त्या कुंपणाला झावळ्याच पुरेनात. आपल्या ओळीतली नऊ खजुरं शेंड्यापासून वठली. विहीर जरा खारट झालीय. जराच. साखर जास्त घातली की चहात कळत नाही.

एक बारीकसं काम होतं. स्फाक्सच्या मोजणी कचेरीत असताना तू आपल्या कबरस्तानाचा नकाशा केला होतास, एकेका कबरीचा, नंबर घालून. गावची प्रत काही आता सापडत नाही. तुझ्याकडे असेल तर पाठव. कबरींना चुना द्यायचाय, तेव्हा कोणाची कुठली ते नीट कळलेलं बरं. बाकी काही नाही.

मुलं मोठी झाली असतील. नावंसुद्धा मला सालहाकडून कळतात.

फर्जानी

ता. क. सालहा म्हणते, खरं काय ते लिही. मी म्हटलं, खरंच तर लिहिलंय.


५ नोव्हेंबर

नजीब,

तुझं उत्तर नाही. बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं, वर चार शिव्या दिल्या असत्या.

तर ऐक. चुना-बिना काही नाही. आणि गावची प्रत हरवलेली नाही, सभेनंतर ती मी खलीफाच्या कॉफीच्या शेगडीत घातली होती. त्यावर केलेली कॉफी सगळ्यांना पाजली. हे तुला कोणीतरी सांगितलं असेलच.

कबरस्तानाची समुद्राकडची भिंत वसंतातच पडली. सप्टेंबरच्या उधाणाला पाणी आत आलं. एकदा नाही, चारदा. जाताना वाळू पसरून गेलं. उशा-पायथ्याचे दगड लोळून एका कोपऱ्यात जमलेत. सगळीकडे नुसती सपाट वाळू आहे आणि कोण कुठं निजलंय ते अल्लाला ठाऊक. बाबांच्या डाव्या हाताला आई, एवढं मला येतं. पण बाबा कुठं? मला वाटायचं, डोळे मिटून जाईन मी तिथं. डोळे उघडे ठेवून तीनदा गेलो आणि तीनदा वेगळ्या जागी उभा राहिलो.

आईला तिथून हलवायचंय. वरच्या माळावर. हो, तोच माळ. हसायचं तर हस पोटभर.

इमामांना विचारलं. ते म्हणाले, मुडद्यापर्यंत पाणी आलं असेल तर हलवायला हरकत नाही, पण शोधता शोधता दुसऱ्याची कबर उघडलीस तर ते पाप तुझ्या माथी, खात्री असेल तरच कुदळ घाल. खात्री फक्त तुझ्या नकाशात आहे. बाबांचा नंबर त्यात आहे. आई नंतर गेली, पण बाबा सापडले की आई सापडली. हिवाळ्याची वादळं यायच्या आत हे झालं पाहिजे, नजीब. एवढंच मागतोय.

आता दुसरं. हे लिहायला बसलो तेव्हा लिहिणार नव्हतो.

गेल्या आठवड्यात शर्फियाचं मुख बांधत होतो, जिथून मासे शेवटच्या कोंडीत शिरतात तिथं. सादोक काका मचव्यात बसून झावळ्या देत होता. चौऱ्याऐंशीचा झालाय, पण बाबांचा सोबती, घरात थांबत नाही. मला म्हणाला, "मुखाशीच आहेस ना रे?"

म्हटलं, "हो काका, हे बघ, ओहोटी संपली आणि पाणी बरोबर बेंबीला."

"तुझ्या बापाच्याही बेंबीलाच लागायचं."

"तेच तर मी सभेत सांगितलं होतं!"

काका हसायला लागला. दात नाहीत, त्यामुळं त्याचं हसणं आधी कळतच नाही. म्हणाला, "अरे टोणग्या, तुझा बाप तुझ्या काखेत उभा राहायचा. वीतभर म्हणायचे त्याला. त्याची बेंबी कुठं, तुझी कुठं!"

बाबांच्या बेंबीपासून माझ्या बेंबीपर्यंत, तेवढं पाणी चढलं होतं. झावळी हातातून सुटून वाहून गेली. काका ओरडला तेव्हा भानावर आलो.

सभेत मी काय बोललो ते तुला पाठ असेल. तरी मला ते आज माझ्या हातानं लिहू दे. तू तक्ते लावून सांगत होतास की इथलं पाणी चढतंय, जमीन बसतेय, खालची एकतीस घरं आणि कबरस्तान माळावर न्या, सरकार जागा देतंय, आता नाही म्हणालात तर परत देणार नाही. आणि मी उठलो. म्हणालो, "बारा वर्षांचा असताना बाबांनी मला शर्फियाच्या मुखाशी नेलं. म्हणाले, ओहोटीला पाणी माझ्या बेंबीला लागलं की समज जागा बरोबर. आज मी त्याच खुंटाशी उभा राहतो आणि पाणी माझ्या बेंबीला लागतं. मग नजीबसाहेब, समुद्र चढला तो कुठं चढला? स्फाक्सच्या कचेरीत?" लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायला आले. त्यावर मी आणखी एक ठेवून दिलं, "ज्याला समुद्र चढण्याचा पगार मिळतो तो त्याला चढवणारच." आणि मग ते कबरींचं. एवढ्या कबरींना नंबर घातलास तर जिवंतपणी आईचीही मोजून ठेव म्हटलं. आई मागं दाराशी बसली होती, हे मला माहीत होतं.

सगळे हात माझ्या बाजूनं वर झाले. माळावरची जागा दुसऱ्या गावाला गेली, कडेची पट्टी तेवढी उरली.

पण तू तेव्हा तोंड उघडलं होतंस आणि परत मिटलंस. मी समजलो, हरला. आज मला कळतंय, तुला त्याच क्षणी उमगलं होतं. फक्त ते बोलायचं तर भरसभेत बाबांना बुटकं म्हणावं लागलं असतं. वीतभर म्हटलं की बाबा हातातलं टाकून अंगावर जायचे, ते तू विसरला नव्हतास. मी विसरलो होतो. बाबांची अब्रू तू राखलीस आणि मी टाळ्या घेतल्या.

नकाशा पाठव.

फर्जानी


२८ नोव्हेंबर

नजीब,

तुझी चिठ्ठी मिळाली. "नकाशा कचेरीत राहिला. मागवला आहे. नजीब." मोजून सहा शब्द, त्यात एक तुझं नाव. तरी मी ती खिशात घालून हिंडतोय. सालहा म्हणाली, इतकं काय लिहिलंय त्यात? म्हटलं, सही आहे.

नकाशा येईपर्यंत गावाचं मन तयार करावं म्हणून जुम्म्याच्या नमाजानंतर खलीफाकडे सगळ्यांना बसवलं. वाळू उपसायची तर ती सगळ्यांच्याच माणसांवरची, एकट्यानं कशी उपसू? घरटी एक माणूस आपापल्या कबरीशी उभा राहिला तर दोन दिवसांत सगळे वर नेऊन ठेवू, असा माझा विचार.

उभा राहिलो आणि म्हटलं, "सात वर्षांपूर्वी याच जागी मी चुकलो."

खलीफा आतून ओरडला, "तांडेलांना पाणी द्या रे, ऊन लागलंय." नोव्हेंबरात!

म्हटलं, "हसा. पण ऐका. माझे बाबा बुटके होते."

सगळ्यांनी कप खाली ठेवले. मला वाटलं, पटतंय. तेवढ्यात कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "लाज नाही वाटत? मेलेल्या बापाचे वाभाडे चारचौघांत?" आणि मग काय, सगळे सुटलेच. "तुझा बाप सिंह होता सिंह." "त्याची उंची काढतोस?" हेच लोक त्याला आयुष्यभर वीतभर म्हणाले, नजीब! मी बेंबीचा हिशेब समजावतोय आणि ते बाबांची बाजू घेऊन माझ्याशी भांडतायत.

शाळामास्तर जरा शांतपणे म्हणाला, "पाणी नसेल चढलं, तळ धुपला असेल." त्याच्या शेजारचा म्हणाला, "समुद्र नाही चढत, बेट खाली बसतंय. टीव्हीवर सांगितलं." म्हटलं, "बाबांनो, नाकातोंडात पाणी गेल्यावर विचारणार आहात का, पाणी वर आलं की आपण खाली गेलो?" मग एकजण म्हणाला, "धूर सोडला युरोपनं, आपण आयुष्यात दोन मचवे आणि एक पंप चालवला. त्यांनी येऊन उचलावीत आमची हाडं." खरंच आहे ते. पण कोण येणार आहे उचलायला?

शेवटी खलीफा कप पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "नजीबनं काय पाठवलं रे तुला? तुलाही समुद्र चढण्याचा पगार सुरू झाला वाटतं."

माझंच वाक्य. शब्द न् शब्द माझा. आणि हशाही तसाच झाला, तेवढाच मोठा. तेव्हा तू कसा उभा होतास ते मला आठवत नाही, मी लोकांकडे बघत होतो. आता मी कसा उभा होतो ते मला माहीत आहे.

गावचा कारभारी म्हणून ओम्दानं मिटवलं. "एकाची आई हलवली की सगळे म्हणणार आमची का नको. मग कोणाची कबर कुठली यावर डोकी फुटतील. रमजान पार पडू दे, बघू." हात वर करायला सांगितले तर माझ्या बाजूनं एकट्या सादोक काकाचा. ओम्दा म्हणाला, काकाला ऐकू आलं नसेल.

तेव्हा जे करायचं ते मला आणि सालहाला. तू कचेरीच्या मागं लाग. रोज फोन कर त्यांना. तिथं तुझ्या ओळखीची माणसं असतील.

फर्जानी


१९ जानेवारी

नजीब,

हे पत्र वाचून फाडून टाक. सालहालाही यातलं निम्मं माहीत नाही, म्हणून हे मीच टपालात टाकतोय.

तुझा नकाशा येईना. डिसेंबर संपला. मला धीर निघाला नाही. एका जुम्म्याला सगळे नमाजाला गेलेले असताना मी कुदळ घेऊन गेलो. मनाशी ठरवलं, ही जागा. भिंतीच्या उरलेल्या तुकड्यापासून पावलं मोजली, बाबांना पोचवताना मी कुठं उभा होतो ते आठवलं, सूर्य कुठं होता ते आठवलं. अगदी खात्री वाटली. कमरेइतकं खणलं.

लहान मूल होतं.

कोणाचं, माहीत नाही. फार जुनं. मी अंगातला सदरा काढून त्यावर घातला, वाळू परत लोटली आणि फातिहा म्हटला. कोणाच्या नावानं म्हणायचा तेच कळेना. घरी उघडा गेलो. सालहानं विचारलं, सदरा कुठाय? म्हटलं, मचव्यात भिजला. त्यानंतर मी कुदळ हातात धरली नाही.

आणि मग गेल्या सोमवारी वारा सुटला. तीन दिवस. फेरीबोट बंद, वीज बंद. आमच्या अंगणात पाणी आलं, कोंबड्या छपरावर ठेवल्या. तुला वाटेल, मी तिकडे का गेलो नाही. गेलो होतो. सालहानं मागून धरलं आणि आम्ही दोघं पडलो.

चौथ्या दिवशी अख्खा गाव किनाऱ्यावर होता. कबरस्तान निम्म्याहून जास्त गेलंय. वरच्या दोन ओळी राहिल्या, त्याही उघड्या. बायका घरून चादरी घेऊन आल्या. कोण कोणाचं, ओळखणार कसं? जे मिळालं ते गोळा केलं आणि माळाच्या कडेला एकच मोठा खड्डा करून त्यात ठेवलं. इमामांनी सगळ्यांचा मिळून एकच नमाज पढला. नावं घेतली नाहीत, कारण चुकीचं नाव घेण्याची भीती वाटली त्यांना.

खलीफा गुडघ्यांवर बसून रडत होता. त्याचा धाकटा भाऊ तिथं आहे, मोटारसायकलच्या अपघातात गेलेला. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. "सांगितलं होतं ना" असं म्हणायला मला मोकळीक होती, आणि तुला सांगतो, ते शब्द माझ्या ओठांवर आलेच नाहीत. सांगितलं होतंस तू. मी तर आधी उलटंच सांगितलं होतं, आणि लोकांनी माझं ऐकलं. माझं म्हणणं त्यांना एकदाच पटलं, आणि नेमकं तेव्हाच.

आई त्या खड्ड्यात आहे की नाही, हे मला माहीत नाही. असली तर मी तिथं जाऊन बसेन. कुठं बसू, एवढं तरी कळू दे.

फर्जानी


११ फेब्रुवारी

नजीब,

नकाशा आला. तुझं पत्रही आलं. चार पानं! सालहानं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर तिला पुढं वाचवेना, मग मी वाचलं.

आधी नकाशाचं सांगतो. बाबांचा नंबर त्रेसष्ट. सालहानं त्यापुढचे अक्षांश-रेखांशाचे आकडे तिच्या फोनमध्ये घातले आणि आम्ही दोघं चालत निघालो. मी माळाकडेच बघत होतो. मनात म्हणत होतो, निदान वरच्या दोन ओळींत असू देत, म्हणजे खड्ड्यात आहेत असं समजू. फोनवरचा बाण समुद्राकडे. वाळू संपली तरी बाण समुद्राकडेच. सालहानं चपला काढल्या. म्हटलं, पुरे. ती म्हणाली, अजून चाळीस पावलं आहेत. म्हटलं, सालहा, पुरे.

म्हणजे आई खड्ड्यात नाही.

गावात आता त्या बाजूचे मासे कोणी खात नाही. कोणी ठरवलं नाही, आपोआपच झालं. मी दोन टोपल्या नेल्या तर बायकांनी आधी विचारलं, कुठल्या अंगाचे? आपला शर्फिया नेमका त्याच अंगाला. बाबांचा, आजोबांचा, त्यांच्या बापाचा. मी रविवारी सगळ्या झावळ्या उपटून किनाऱ्यावर आणल्या. सादोक काका बघत बसला होता. समुद्राच्या त्या तुकड्याचे कागद पेटीत आहेत, आपल्या दोघांच्या नावावर. निम्मा तुझा. काय करायचंय ते कर.

सहा घरं स्फाक्सला गेली. शाळामास्तर बदलीवर गेला, नवा आला नाही. खलीफाकडे अजून वाद चालतात, तळ धुपला की बेट बसलं. मला आता कोणी मध्ये बोलवत नाही आणि मी जात नाही. आम्ही कुठं जाणार? माळावरची जागा दुसऱ्यांची झाली. सालहाची बहीण म्हणते, या इकडे, एक खोली आहे. मी स्फाक्समध्ये काय करू? ट्रॅफिक बघत बसू?

आता तुझ्या पत्राचं.

तू लिहिलंयस, "दादा, सभा विसर. लोकांनी तसंही ऐकलं नसतं." हे खोटं आहे, पण तू माझ्यासाठी लिहिलंस ते मला कळलं. दादा म्हणालास. सहा वर्षांनी तो शब्द कागदावर बघून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. तू लिहिलंयस, उन्हाळ्यात मुलांना घेऊन येतो, पोरांना काका दाखवायचाय. आणि मग तिसऱ्या पानावर लिहिलंयस, "आईचं मनाला लावून घेऊ नकोस. तिला बाबांशेजारी राहायचं होतं, तू तिची इच्छा पुरी केलीस. पुढं समुद्रानं काय केलं त्याला तू काय करणार?"

हे वाक्य मी किती वेळा वाचलं सांगता येत नाही. पहिल्यांदा वाटलं, गप्प बसावं. भाऊ परत मिळतोय, पुतणे मिळतायत, सालहा आत्तापासून त्यांच्यासाठी उशांना अभ्रे शिवतेय. कोणाला कळणार आहे? ज्याला माहीत होतं ते माणूसच राहिलं नाही. कबरसुद्धा राहिली नाही.

पण तुझ्या त्या सगळ्या माफीचा पाया तेच एक वाक्य आहे, आणि ते मी तुला फोनवर सांगितलेलं आहे. आई गेली त्या दिवशी तू स्फाक्सच्या धक्क्यावर अडकला होतास, वाऱ्यामुळं बोट बंद. तू विचारलंस, आईला कुठं ठेवताय? मी म्हटलं, बाबांशेजारी, तिचीच इच्छा होती. आईची इच्छा म्हटल्यावर तू काय बोलणार होतास? तिसऱ्या दिवशी आलास, कबरीशी उभा राहिलास, घरात पाऊल न टाकता परत गेलास.

तिची ती इच्छा नव्हती, नजीब.

जायच्या दोन दिवस आधी, दुपारी. सालहा पाणी आणायला गेली होती, मी एकटाच उशाशी. आईनं मला वाकायला सांगितलं आणि म्हणाली, "फर्जानी, मला वर ठेव. नजीब म्हणतो त्या माळावर." मी म्हटलं, "बरं आई." हात हातात घेऊन म्हटलं.

आणि मग जनाजा निघाला. सभेला पाच महिनेसुद्धा झाले नव्हते. अख्खा गाव मागं होता. पुढचा खांदा माझा. ती वाट माहीत आहे ना, जैतुनाच्या झाडापाशी फुटते, उजवीकडे माळ, डावीकडे समुद्र. उजवीकडे वळलो असतो तर लोक म्हणाले असते, बघा, सगळ्यांना खाली राहायला सांगितलं आणि स्वतःच्या आईला वर नेतोय. नाक कापलं गेलं असतं माझं. एवढंच कारण, नजीब. दुसरं काहीच नव्हतं. मला तेव्हासुद्धा आतून तुझं थोडं पटायला लागलं होतं, विहिरीचं पाणी मीही पीत होतो. तरी मी डावीकडे वळलो आणि सगळे माझ्या मागं वळले.

हे कोणालाच माहीत नाही. सालहालाही आज कळेल, हे पत्र मी तिच्याच हाती टपालाला देणार आहे आणि ती वाचल्याशिवाय टाकत नाही.

उन्हाळ्यात येतो म्हणालास ते या पत्राच्या आधीचं होतं. ते मी धरून बसणार नाही. आलास तर सालहा धक्क्यावर येईल. मी घरी असेन. नाही आलास तरी घरीच असेन.

तिला वर का जायचं होतं, हेही सांगतो, म्हणजे माझ्याकडे लपवायला काही उरणार नाही. मी विचारलं होतं तिला. म्हटलं, "आई, तू माळावर गेलीस तर बाबा खाली एकटे पडतील ना." ती हसली. तेवढं हसायलाही तिला दम लागला. म्हणाली, "तुझ्या बाबांना पोहता येतं रे. मला कुठं येतं."

फर्जानी